घोडी एक पाय दुमडून उभी राहते. दुखतंय की आराम करतेय? (फोटो दिलाय)

गोठेकरी_खटाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यातला, पुसेगावजवळचा. घरी सहा जर्सी आहेत, दूध डेअरीला घालतो. गाईचं सगळं कळतं असं म्हणत नाही, पण एखादीनं रवंथ थांबवला तर मला झोपेतसुद्धा कळतं. घोड्याच्या बाबतीत मात्र पाटी कोरी.

आबांकडं तरुणपणी घोडी होती. म्हातारपणी पुन्हा एक दारात बघायची म्हणून धोशा लावला. शेवटी ज्येष्ठात कोकणातून परतलेल्या एका मेंढपाळाकडनं ही घेतली. नाव काजळी. सहा-सात वर्षांची, कुमैत (तांबूस, आयाळ काळी), चणीनं लहान. भीमथडी जातीची आहे म्हणतात.

प्रश्न असा की दोन महिने झाले, ही बसलेली मी एकदाही बघितली नाही. दिवसा नाही, रात्री नाही. गोठ्यात उभी. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, मागचा उजवा पाय दुमडून खुराचं फक्त टोक टेकवलेलं, पुठ्ठा एका बाजूला कललेला. फोटो बघा. गाय अशी उभी राहिली असती तर मी कधीच डॉक्टरला बोलावलं असतं. खाणं नीट, लीद नीट. शेजारी म्हणतात पाय गेलाय. आबा म्हणतात, "गप रे, घोडं असंच झोपतं." चुलते म्हणतात, फसवून गळ्यात मारली. कुणाचं खरं मानू?

---

वेण्णा_टाप

आबांचं खरं. चुलत्यांना चहा पाजा आणि गप्प बसवा.

मी महाबळेश्वरला घोडी फिरवतो, वडिलांपासून धंदा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमची अख्खी रांग अशीच उभी असते, प्रत्येकाचा मागचा एक पाय ढिला. सीझनला दिवसाआड कुणीतरी पर्यटक ताई येऊन ओरडते, "याचा पाय मोडलाय आणि तुम्ही याला पळवता?" मी काही बोलत नाही, नुसती जीभ टाळूला लावून आवाज करतो. घोडा डोळा उघडतो, पाय खाली ठेवतो, दुसरा उचलतो. ताई खजील होतात.

पण एक ध्यानात ठेवा. हे सगळं मागच्या पायाचं. पुढचा पाय घोडं आरामासाठी उचलून धरत नाही. अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो. पुढचा एक पाय सारखा पुढं काढून टेकवत असेल तर त्या पायात काहीतरी आहे हे धरून चाला. आमच्याकडं जांभ्याचा सडा, पायाखाली धारदार खडे. एकदा एक घोडा सकाळपासून पुढचा डावा पाय वीतभर पुढं टाकून उभा. चालवला तर फारसा लंगडेना, म्हणून मालक म्हणाला नखरे करतोय. खूर उचलून घासला तर आत खिळ्याचं टोक.

---

शिरवळकर_इंटर्न

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतोय, अजून डॉक्टर झालेलो नाही, तेवढं धरूनच वाचा.

दादा, तुमचा गोंधळ का झाला ते कळलं. तुम्ही घोडीला गाईच्या हिशेबानं वाचताय. निरोगी गाय दिवसातले साधारण १०-१२ तास बसून काढते. ती बसत नसेल तर काळजी. घोड्याचं उलट आहे. मोकळ्या माळावर राहणारं, लांडगा दिसला की पळणारं जनावर, म्हणून त्याची डुलकी उभ्यानंच होते. मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या एका उंचवट्यावर अडकते आणि सांधा जणू कडी लावल्यासारखा बंद होतो. मग त्या पायावर उभं राहायला स्नायूंना जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. दुसरा पाय तेवढा वेळ मोकळा. थोड्या वेळानं पाळी बदलते. फोटोत उजवा पाय ढिला आहे, म्हणजे कडी डाव्याला लागलेली आहे.

(ज्याला आपण घोड्याचा मागचा गुडघा समजतो, तो खरं तर त्याचा घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. पहिल्या वर्षी मीही इथंच चुकलो होतो.)

---

अश्वशास्त्री

फोटोत कपाळावरचा भोवरा नीट दिसत नाही. घेण्याआधी देवमण, म्हणजे शुभ भोवरा, बघितला होता का? आमच्या आजोबांच्या वेळी भोवरे बघितल्याशिवाय घोडी दारात येत नसे. घोडी बसत नाही म्हणजे ठाण मानवत नाही. तोंड पूर्वेला करून बांधा, शनिवारी बिब्बा उतरवून टाका.

---

वेण्णा_टाप

शास्त्रीबुवा, आमच्या रांगेत सगळ्यांची तोंडं तळ्याकडं असतात. काय करू, तळं हलवू?

---

वरातवाले_मिरज

थट्टा बाजूला ठेवा, मी जरा लांबड लावतो. उभं राहणं कसं वाचायचं हे मी माझ्या घोडीचं वाटोळं करून शिकलो.

आमचा धंदा वरातीचा. पांढरी घोडी होती, अंगानं भरलेली, पैंजण बांधले की रस्ता थांबायचा. एका लग्नात यजमान म्हणाले, घोडीला पण जेवण. चंदी (रोजचा दाणा) तर तिची झालीच होती. वर भिजवलेला हरभरा, वर परातभर उरलेली जिलेबी. पोरं हौसेनं भरवत होती आणि मीही कौतुकानं बघत उभा. आता आठवलं की घास उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरी वरात. घोडी ठाणावरनं हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, मागचे दोन्ही पोटाखाली घेतलेले, सगळं अंग मागं झुकलेलं, जणू कुणी तिला उतारावरनं ढकलतंय आणि ती अडून बसलीय. मला वाटलं हट्ट. दोन लगावल्या. चालली, पण फुटक्या काचेवर पाय टाकत चालावं तशी. वळताना तर जागच्या जागी थरथरायची. ती वरात मी केली. केली म्हणजे पैसे घेतले होते.

रात्री खुराला हात लागला तर तव्यासारखा गरम. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडतेय. सकाळी डॉक्टर आले. म्हणाले, खुराच्या आत हाडाला खुराशी बांधून ठेवणारे पापुद्रे असतात, ते सुजलेत. जास्त दाणा किंवा गोड गेलं की आतड्यात आंबतं आणि त्याचं विष थेट पायात उतरतं. ती मागं झुकते ते खुराच्या पुढच्या टोकावरचा भार काढायला. पाय थंड पाण्यात ठेवायचे, दाणा बंद, मऊ जागा, एक पाऊलही चालवायचं नाही. मी तर तिला दोन किलोमीटर वाजतगाजत नेलेली.

जगली. सहा महिन्यांनी चालायला लागली, पण वरातीला पुन्हा उभी राहिली नाही. आता शेतावर आहे.

म्हणून भाऊ, तुमच्या फोटोतला पाय मला ठीक वाटतो. तरी आज रात्री चारही खुरांना हात लावून बघा. गार असले तर निवांत झोपा.

---

गोठेकरी_खटाव

मिरजेचे दादा, वाचून पोटात कालवलं. एवढं मोकळेपणानं लिहिलंत, आभारी आहे.

बघितलं. चारही खूर गार. नाडी मला सापडलीच नाही. (इंटर्नना वेगळं विचारलं, ते म्हणतात, धडधाकट पायात ती जेमतेमच लागते, न सापडणं चांगलं.) पुढचे पाय सरळ. रोज सकाळी ओढ्यापर्यंत नेतो, लंगडत नाही. दाणा मूठभर, बाकी कडबा आणि उसाचं वाढं (हिरवे शेंडे).

एक शंका. उभ्यानं झोपते तेव्हा डोळे अर्धे मिटलेले असतात, कान बाजूला पडलेले. हे दुखण्याचं लक्षण तर नाही? कुठंतरी वाचलं की दुखणाऱ्या घोड्याचे डोळे बारीक होतात.

---

शिरवळकर_इंटर्न

चांगलं विचारलंत. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सहा गोष्टी बघतात. कान ताठ मागं वळलेले, डोळ्याभोवती ताण, डोळ्याच्या वरचं हाड उठून दिसणं, जबड्याचे स्नायू आवळलेले, तोंड घट्ट मिटून हनुवटी उठलेली, नाकपुड्या ताणलेल्या. कळीचा शब्द ताण. झोपाळू घोड्याचं सगळं लोंबतं. कान भाताच्या लोंबीसारखे बाजूला, ओठ सुटलेला, पापणी जड. दुखणाऱ्याचं सगळं आवळलेलं. डोळा दोघांचाही बारीक असतो, म्हणून एकटा डोळा बघू नका.

तुमच्या फोटोत ओठ लोंबतोय. मी तरी त्याला झोप म्हणेन.

वाढ्याबद्दल एक. घोड्याला फक्त वाढ्यावर ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळं पोटात गेलेलं कॅल्शियम बांधलं जातं. गाईच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी मोडतात, घोड्याला ती सोय नाही. कडबा, वाळलेलं गवत जास्त ठेवा.

---

कृष्णाकाठची

मी सांगलीची. लहानपणापासून घोड्यांत आहे, आता स्वतःचे दोन आहेत. सगळ्यांचं वाचलं आणि सगळ्यांचं बरोबरच आहे. पण दादा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिलीत आणि आपण सगळे पायाच्या मागं लागल्यानं ती सुटून गेली. दोन महिन्यांत एकदाही बसली नाही.

घोडं उभ्यानं डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोप उभ्यानं होत नाही. त्या झोपेत स्नायू पार ढिले पडतात, कडीबिडी काही कामाला येत नाही, आडवंच व्हावं लागतं. दिवसाकाठी अर्धा तास पुरतो, पण तो लागतोच. तुम्ही झोपल्यावर ती बसत असेल आणि तुमच्या नजरेस पडत नसेल, असंही असेल. म्हणून तीन प्रश्न.

सकाळी खरारा करताना कधी कुशीला, पुठ्ठ्याला लीद किंवा माती चिकटलेली सापडली का? ढिला सोडलेला पाय नेहमी उजवाच असतो की बदलतो? आणि पुढच्या पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर, समोरच्या बाजूला केस गेलेत का, खपली आहे का?

---

गोठेकरी_खटाव

ताई, तुम्ही घरी येऊन गेलात काय?

अंगाला काही लागलेलं नसतं, उलट मला कौतुक वाटायचं की किती स्वच्छ घोडी. पाय बहुतेक उजवाच, पण छातीठोक सांगता येणार नाही. आणि खपल्या आहेत. दोन्ही पुढच्या पायांवर, रुपयाएवढ्या. आली तेव्हा नव्हत्या. मला वाटलं डांबरीवर ठेचकाळली असेल. हळद लावत होतो.

---

कृष्णाकाठची

ठेचकाळलेली नाही. झोपेत पडतेय.

झोप साठत जाते. एका क्षणी उभ्याउभ्याच गाढ झोप लागते, पुढचे पाय मुडपतात, सांधा समोरून जमिनीवर घासतो, दचकून पुन्हा उभी. रात्रीतून पाच-सहा वेळा. पहाटे आपल्याला दिसते ती शहाण्यासारखी उभी असलेली घोडी.

आता ती बसत का नाही ते शोधायला हवं. बसता-उठताना दुखत असेल, जागा धड नसेल, नाहीतर भीती वाटत असेल. घोडं आडवं होतं तेव्हा ते सगळ्यात असहाय असतं. विश्वास बसल्याशिवाय होत नाही. ठाण कसं आहे ते लिहा. जमीन, उतार, दाव्याची लांबी, शेजारी कोण, सगळं.

---

शिरवळकर_इंटर्न

ताईंना सलाम. हे आमच्या पुस्तकात एका ओळीत असतं, वाचून विसरलो होतो.

आणि खपली म्हणजे जखमच. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. लस कधी दिली माहीत नसेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरला फोन करून डॉक्टर बोलवा आणि त्यांना हे आवर्जून सांगा. हळदीवर थांबू नका.

---

गोठेकरी_खटाव

ठाण म्हणजे गोठ्यातलीच शेवटची जागा, कोपऱ्यातली. खाली सिमेंटचा कोबा, मागं नालीकडं उतार, गोमूत्र वाहून जावं म्हणून. नाली तिथंच वळून गोबरगॅसच्या खड्ड्याकडं जाते. दावं गाईंइतकंच, हात-दीड हात. शेजारी एक जर्सी, जरा मारकुटी. समोर गव्हाण.

लिहितानाच कळतंय की मी काय केलंय.

जुना मोबाईल खुंटीला बांधून रात्री ९ ते ५ चित्रण लावलं. आज दूध घालून आल्यावर पळवत पळवत बघितलं. उजवा मागचा पाय ढिला सोडला १७ वेळा, डावा फक्त २ वेळा, तोही मिनिटभरच. २ वाजून २० मिनिटांनी मान खाली-खाली जात नाक गव्हाणीला टेकलं, पुढचे गुडघे वाकले, खाली आली आणि धडपडत उठली. ३ च्या सुमारास पुन्हा. पहाटेपर्यंत चार वेळा. एकदा जर्सीनं शिंग दाखवलं म्हणून अख्खी भिंतीला चिकटली.

आबांना दाखवलं. काही बोलले नाहीत. खुर्ची घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले.

---

वेण्णा_टाप

१७ ला २! मग त्या उजव्या पायात पण काहीतरी आहे राव. मी पहिल्यांदा "चुलत्यांना चहा पाजा" म्हणालो तो शब्द मागं घेतो. पाळी बदलत असेल तर आराम, एकच पाय सारखा असेल तर खूर उचलून बघायचा, हे मी सांगायला हवं होतं. आमची घोडी बदलतात म्हणून डोक्यातच आलं नाही.

---

माणदेशी_मेंढपाळ

पैल्यांदाच लिवतोय, पोरगं टाईप करतंय. वाचून ऱ्हावलं नाय.

आमची घोडी दिवाळीनंतर मेंढरांसंगं कोकणात उतरत्यात, पाऊसकाळाला म्हागारी. दिसभर पाठीवर समदं बिऱ्हाड. भांडी, कोंबड्या, नवी कोकरं, बारकं पोरगं. राच्चं ज्याच्या शेतात मेंढरांचा वाडा बसल तितं मऊ ढेकळात मोकळी. मेंढरांचा कळप बसला की त्येच्या कडंला घोडी बसती, कुत्री राखणीला. तिला एकटं झोपायची सवयच नाय. तुमी तिला पक्क्या घरात नेली, चांगलंच केलं, पण तिचा वाडा ग्येला. येक शेळी न्हायतर मेंढी बांदा जवळ. खोटं वाटलं तर करून बगा.

---

अश्वशास्त्री

ठाण मानवत नाही, हेच मी म्हणालो होतो.

---

वेण्णा_टाप

म्हणालात खरे! बिब्बा तेवढा राहू द्या.

---

गोठेकरी_खटाव

डॉक्टर येऊन गेले. आमच्या भागात त्यांना गाई-म्हशीच जास्त बघाव्या लागतात, पण घोडीला तासभर दिला. आधी काही न करता लांबून उभी कशी राहते ते बघितलं. मग सपाट जागेवर चालवली, दोन्ही बाजूंना वळवली. नाडी ३६, ताप नाही, हिरड्या गुलाबी. गुडघे, घोटे दाबून, वाकवून बघितले, कुठं दचकली नाही.

शेवटी उजवा मागचा खूर उचलला आणि वासच आला. तळव्यातला मऊ त्रिकोण असतो, त्याच्या खाचेत काळा चिकट घाण पाझर. बोटानं दाबलं तर पाय ओढून घेतला. खूर कुजायला लागलाय म्हणाले. पाय नालीच्या वळणात पडतो, गोमूत्रात रात्रभर भिजतो. बाकीचे तीन कोरडे. मी सकाळी गोठा धुतो तेव्हा ती नाली वाहती असते म्हणून कधी लक्षात आलं नाही. खूर वाढलेलेही होते, सहा-आठ आठवड्यांनी घासून घ्यायला सांगितलं. कुजलेलं खरवडलं, औषध दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. रोज खूर खरवडून, पुसून कोरडा ठेवायचा.

म्हणजे तो पाय ती आरामालाच ढिला सोडत होती, पण टेकला की दुखतो म्हणून त्यालाच सोडत होती. आणि बसायला जावं तर दावं पुरत नाही, कोबा घसरतो, शेजारी शिंगं.

आता जागा बदलतोय. अंगणात कडुलिंबाखाली पत्र्याची सावली आहे, खाली मुरूम. वर भुसा आणि पाचट टाकू म्हणतोय. दावं दहा हात करू का?

---

वेण्णा_टाप

दहा हात नको! रात्री पाय अडकला तर पायाची सालटी निघतील, धडपडली तर मानही जाईल. बांबूचं कुंपण घाला आणि आत मोकळी सोडा. आडवं झाल्यावर चारी पाय पसरायला आणि पुढचे पाय रोवून उठायला जागा लागते. गाय आधी मागून उठते, घोडं पुढून. भिंतीला खेटून झोपलं तर उठताच येत नाही, तिथंच अडकतं. म्हणून भिंतीपासून लांब.

---

कृष्णाकाठची

पाचट जाड घाला, चांगलं वीतभर. पातळ असलं की बाजूला सरतं आणि खाली मुरूम टोचतो. पहिल्या रात्रीच बसेल अशी आशा धरू नका. नवी जागा आहे, आधी दोन-तीन रात्री सगळं हुंगेल.

आणि बसायला लागली की एक फरक डोक्यात असू द्या. झोपायला आडवं होणं आणि पोटशूळानं आडवं होणं वेगळं. पोट दुखणारं घोडं स्वस्थ पडत नाही. खुरानं जमीन उकरतं, वळून कुशीकडं बघतं, पोटावर लाथ मारतं, बसतं-उठतं, लोळतं, घाम फुटतो, लीद थांबते. ते दिसलं तर दाणा-वैरण काढा आणि डॉक्टर येईपर्यंत तोंडात काही ओतू नका. बाटलीनं तेल-हिंग पाजायची पद्धत आहे आपल्याकडं, ते फुप्फुसात गेलं तर पोटशूळापेक्षा ते महागात पडतं. घोड्याला ओकताही येत नाही, गेलं ते आतच.

---

गोठेकरी_खटाव

दोन रात्री झाल्या. बसली नाही. खपल्या तशाच. खुराचा वास मात्र गेला, आणि काल दोन्ही पाय आलटून-पालटून सोडत होती. उजवा ९, डावा ७. तेवढंच समाधान.

आज मामाच्या गावाहून एक शेळी आणलीय. म्हातारी, भाकड, सगळ्यांवर खेकसणारी. आईला पटलेलं नाही. काजळीनं तिला तासभर हुंगलं. शेळीनं एकदा टक्कर दिली. मग दोघी एकाच पेंढीला लागल्या.

---

गोठेकरी_खटाव

कुणी जागं आहे का?? पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं. घोडी आडवी पडलीय. पूर्ण कुशीवर, मान जमिनीवर, चारी पाय पसरलेले. पाय झाडतेय, ओठ हलतोय, मधेच कण्हल्यासारखा आवाज येतोय. डोळे मिटलेत पण आत बुबुळं फिरताहेत. १९६२ ला फोन लावू का?

---

शिरवळकर_इंटर्न

जागा आहे, उद्या परीक्षा. शांत राहा. घाम आहे?

---

गोठेकरी_खटाव

नाही. अंग कोरडं.

---

शिरवळकर_इंटर्न

उठून पुन्हा बसली, लोळली, पोटाकडं बघितलं असं काही? आणि लीद कधी टाकली?

---

गोठेकरी_खटाव

नाही. पडली ती पडलीच, दहा-बारा मिनिटं झाली. लीद ११ ला टाकली. आता तर चक्क घोरतेय. शेळी तिच्या पोटाला टेकून बसलीय आणि माझ्याकडं रागानं बघतेय.

---

शिरवळकर_इंटर्न

दादा, घोडी झोपलीय. स्वप्न बघत असेल. बॅटरी बंद करा आणि पाय न वाजवता घरात जा.

---

गोठेकरी_खटाव

जातो. आबा मात्र उठायला तयार नाहीत. खुर्ची घेऊन कुंपणाबाहेर बसलेत, मलाच "हळू बोल" म्हणाले.

---

माणदेशी_मेंढपाळ

शेळीला बी मूठभर दाणा घाला सकाळी.